कानपूर प्रथमच पाहणाऱ्यांसाठी

कानपूरसाठी एकच दिवस राखून ठेवणे ही नवख्यांची नेहमीची चूक. मग गिरण्यांचे आणि चामड्याचे शहर म्हणून नाक मुरडून मंडळी लखनौ गाठतात. आपण निदान दोन दिवस काढावेत.

पहिला दिवस कानपूरजवळच्या, गंगाकाठच्या बिठूरला द्यावा. 1818 नंतर दुसऱ्या बाजीरावांनी आपले उर्वरित आयुष्य येथेच काढले, आणि नानासाहेबांचा वाडा इंग्रजांनी 1857 च्या धामधुमीत उद्ध्वस्त केला. त्यामुळे भव्य वाड्याची अपेक्षा न ठेवता ब्रह्मावर्त घाट आणि पत्थर घाट निवांत पाहावेत. नानासाहेबांच्या नावाचे नानाराव पार्क हे उद्यान शहरातही आहे आणि बिठूरलाही, म्हणून रिक्षावाल्याला 'बिठूर' असे स्पष्ट सांगावे.

दुसऱ्या दिवशी, जमल्यास, भीतरगाव. गुप्तकाळातील हे विटांचे मंदिर माझ्या मते या परिसरातील सर्वांत मोलाचे स्थळ आहे. भिंतींवरील भाजक्या मातीची शिल्पे तिरप्या उन्हात उठून दिसतात, तेव्हा सकाळीच पोहोचावे.

शहरातले जे. के. मंदिर संध्याकाळी उरकता येते. मे-जूनचा उन्हाळा टाळावा. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या रखडतात, म्हणून परतीचे आरक्षण घट्ट बांधू नये.