मधल्या सुट्टीत जा

प्रिय पोरी,

रविवारी तू लॅपटॉपवर तो तक्ता उघडलास आणि माझा चहा निवून गेला. ऑटिझम असलेल्या तुझ्या लेकासाठी अकरा शाळा! बोर्ड, फी, घरापासूनचं अंतर, वर्गात मुलं किती, स्पेशल एज्युकेटर आहे का, शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसून मदत करणारी बाई, चालते का. सगळं भरून शेवटी विचारलंस, "काकू, नॉर्मल शाळा की स्पेशल?" मी गप्प बसले, कारण तुझा लेक माझ्या कुकरचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत होता आणि मला तेच बघावंसं वाटत होतं.

आता सांगते. तुझ्या तक्त्यात मधल्या सुट्टीचा रकानाच नाही.

चौकशीला सकाळी जाऊ नकोस. सकाळी सगळ्याच शाळा शहाण्या असतात. मुख्याध्यापिका हसून बोलतात, 'आम्ही सगळ्यांना सामावून घेतो' म्हणतात, रॅम्प दाखवतात. (ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईला रॅम्प!) मधल्या सुट्टीत जा. घंटा कशी वाजते ते ऐक. ती कर्कश असेल, तर तुझा लेक कानांवर हात दाबून कुठे पळेल, ती जागा शोधून ठेव. त्याच्यासारखं एखादं मूल तिथे आधीपासून असेल, तर ते डबा कुठे खातं, कोणाशेजारी खातं, ते बघ. शिपाई मावशींना त्याचं नाव विचार. चटकन सांगता आलं, तर पुढचं बोलू.

माझ्या मुलाला मी एका नावाजलेल्या शाळेत घातलं होतं. पालकसभेत बाई म्हणायच्या, "खूप शांत असतो हो, काही त्रास नाही त्याचा." मी घरी येऊन ते सासूबाईंना कौतुकाने सांगायचे. डब्यातली गूळ-पोळीची गुंडाळी रोज तशीच परत यायची, कडा वाळलेली. खाण्याची नाटकं, दुसरं काय, असं मीच म्हणायचे. तिसऱ्या वर्षी जुलैत, विसरलेला रेनकोट द्यायला अवेळी गेले, तर हा पाण्याच्या टाकीमागच्या पायरीवर. मांडीवर न उघडलेला डबा, आणि गळक्या नळाची धार बोटाने तोडत बसलेला. रोज इथेच बसतो, हे मला शिपायाने सांगितलं. अगदी सहज, मला ठाऊकच असणार अशा सुरात.

मग विशेष शाळेत घातलं. नातेवाईक म्हणाले, हरलीस. अजून कोणी म्हटलं तर मी भांडते. वाचायला तो उशिरा शिकला, मान्य. भागाकार अजूनही येत नाही, तेही मान्य. पण पहिल्या महिन्यात एकदा डबा रिकामा आला आणि मी तो रात्रभर न घासता ओट्यावर ठेवून दिला. हे त्या नातेवाइकांना कुठे सांगत बसू?

म्हणजे विशेष शाळाच घे, असं नाही. ओळखीतली एक मुलगी पालिकेच्या मराठी शाळेतून दहावी झाली. परीक्षेत लेखनिक मिळाला, तासाला २० मिनिटं जादा मिळाली. पण ती टिकली ती मधल्या सुट्टीत तिच्याशी सागरगोटे खेळणाऱ्या दोन पोरींमुळे.

आणि यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, टाळाटाळ आता पुरे. 'शिक्का बसेल' हे तुझ्या नवऱ्याचं म्हणणं ऐकून मला राग आला होता, तसं सांग त्याला. माझ्या वेळी दिव्यांगांसाठी १९९५ चा कायदा होता, त्यात ऑटिझम नव्हताच. २०१६ च्या कायद्यात आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलं, की ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या पसंतीने, मोफत शिकण्याचा हक्क आहे. तो वापर, गरज पडली तर भांडून वापर. पण कायद्याने प्रवेश मिळतो गं, डबा खाताना शेजारी बसणारं कोणी मिळत नाही. म्हणून परत तेच म्हणते, चिडलीस तरी चालेल: मधल्या सुट्टीत जा.

तुझ्या यादीतल्या पहिल्या दोन शाळांत मी फोन करून विचारलं. एकीची सुट्टी साडेदहाला, दुसरीची सव्वाबाराला. गुरुवारी मी मोकळी आहे. लेकाला आईकडे ठेव, दहाला खाली ये. वॉचमनने अडवलं तर तू मागे राहा, मी बोलते.

तुझी,
काकू