पुलाचं काँक्रीट मागवण्याआधी

पर्यावरणाचा विचार करायचा म्हणतोस ना, मग आधी सिमेंटच्या गोणीवर काय छापलंय ते वाच. ओपीसी, म्हणजे साधं पोर्टलँड सिमेंट असेल, तर आत जवळजवळ सगळा क्लिंकरच, म्हणजे भट्टीतून निघणारे खडे दळून. तो करताना चुनखडी साधारण 1450 अंशांवर भाजतात आणि निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड इंधनातून नाही, त्या दगडातूनच सुटतो. स्लॅग सिमेंटमध्ये झोतभट्टीची मळी, म्हणजे लोखंड गाळताना उरणारा स्लॅग, 25 ते 70 टक्के चालते. कोकणातल्या खाडीवर तर खाऱ्या पाण्यापुढे तेच जास्त टिकतं.

फक्त ते सावकाश घट्ट होतं. माझ्या एका साइटवर ठेकेदाराने ओपीसीच्या सवयीने सातव्याच दिवशी काँक्रीट ओलं ठेवणारं गोणपाट काढलं, तेही एप्रिलच्या उन्हात! पिअर कॅपवर, म्हणजे पुलाच्या खांबाच्या माथ्यावर, केसासारख्या भेगा, आणि दुरुस्तीत आणखी सिमेंट. तू 14 दिवस पाणी मारून घेच. ज्या पायावर वर्षभर पूर्ण भार येणार नाही, त्याला 28 ऐवजी 56 दिवसांची ताकद धरता येईल का, हेही डिझायनरला विचार.

वाळू क्रशरचीच, म्हणजे दगड फोडून केलेली घे. नदीतली उपसली की पात्र खचतं आणि आपल्याच पुलाचे पाये उघडे पडतात.