विमानातील सूचनांमागचा हिशेब

विमान उडण्यापूर्वी केबिन क्रूकडून दिल्या जाणाऱ्या सूचना आणि संकटकाळात उपयोगी पडणारी साधने यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतील काही निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे. केबिन क्रूला सुरक्षेचे प्रशिक्षण देण्याचे काम मी अनेक वर्षे केले असल्यामुळे संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. ज्या प्रश्नांचा सुरक्षेशी संबंध नव्हता (तिकिटांचे दर, खिडकीजवळची जागा, जेवणाची चव), ते बाजूला ठेवले आहेत.

प्रश्न : मुलाकडे बंगळूरुला जाताना आम्ही उभयतांनी पहिल्यांदाच विमानप्रवास केला. सोबत चार वर्षांची नात होती. ‘मास्क आधी स्वतःला लावा, मग मुलाला’ ही सूचना ऐकून माझ्या पत्नीला फार राग आला. अशी सूचना का देतात? आणि त्या मास्कमधला ऑक्सिजन किती वेळ पुरतो?
— एक निवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : सर, बाईंचा राग मी समजू शकते, कारण आधी लेकराच्या तोंडात घास आणि मग आपण, हीच आपल्याकडची रीत आहे. विमानात मात्र ही रीत लेकराच्याच जिवावर बेतू शकते. जेट विमान साधारणतः ३५,००० फुटांच्या आसपास उडते आणि तिथली हवा इतकी विरळ असते की तिच्यात श्वास घेऊन माणसाला शुद्धीवर राहता येत नाही. म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरतात आणि आतला दाब फार तर ८,००० फुटांच्या उंचीवर असावा तितका राखतात. (कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फुटांचे आहे, हे लक्षात घेतले तर विमानात बसल्यावर काहींना डोके जड का वाटते याचाही उलगडा होईल.) काही बिघाड होऊन हा दाब निघून जाऊ लागला आणि केबिनमधली स्थिती साधारण १४,००० फुटांवरच्या हवेसारखी झाली, की डोक्यावरची झाकणे उघडून मास्क खाली लोंबू लागतात.

पूर्ण उंचीवर दाब एकाएकी गेला, तर माणसाला विचार करता येईल आणि हात मनाप्रमाणे चालतील असा काळ जेमतेम ३० ते ६० सेकंदांचा असतो. यात फसवे असे की गुदमरल्यासारखे वाटेलच याची खात्री नसते. पुष्कळांना उलट हलके, मजेत वाटते आणि मास्क हातात धरून ते नुसते बसून राहतात. घाबरलेली, मान फिरवणारी चार वर्षांची मुलगी मास्क लावू देईपर्यंत ही मुदत सहज संपते, आणि तेवढ्यात आजीची शुद्ध हरपली तर नातीकडे पाहणारे कोणी उरत नाही. याउलट आजीने स्वतःचा मास्क लावण्यात पाच-दहा सेकंद घालवले आणि तेवढ्यात नात मलूल झाली, तरी प्राणवायू मिळताच ती सावरते. सूचनेतला क्रम हा मुलाला वाचवण्यासाठीच आहे.

आता दुसरा भाग. पुष्कळ विमानांत प्रवाशांसाठी ऑक्सिजनचे सिलिंडर नसतात. आसनांच्या वर एक लहानशी धातूची नळकांडी बसवलेली असते आणि तिच्यात मुख्यतः सोडियम क्लोरेट व लोखंडाचा भुगा असतो. मास्क खाली ओढला की त्याच्या दोरीला बांधलेली पिन निघते, रासायनिक क्रिया सुरू होते आणि प्राणवायू सुटू लागतो. म्हणूनच क्रू ‘मास्क आपल्याकडे ओढा’ असे हाताने करून दाखवतात. लोंबणारा मास्क न ओढता तसाच तोंडाला धरला तर त्यातून काहीच येणार नाही. एकदा सुरू झालेली क्रिया थांबवता येत नाही आणि ती साधारणतः १२ ते १५ मिनिटे, काही विमानांत त्याहून थोडी अधिक चालते. तेवढ्या अवधीत वैमानिक विमान झपाट्याने १०,००० फुटांपर्यंत खाली आणतात, जिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. या वेळी किंचित जळका वास येईल, कारण नळकांडी बरीच तापते. मास्कची पिशवी फुगलेली दिसणार नाही, पण प्राणवायू येत असतो. या दोन गोष्टींनी घाबरून मास्क काढणारे प्रवासी असतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

प्रश्न : चिकलठाणा विमानतळावरून निघालेल्या विमानाचा १९९३ मधील अपघात आमच्या घरी आजही आठवला जातो. अशा वेळी विमान ९० सेकंदांत रिकामे करता येते, असे वाचनात आले. हे खरे आहे की कागदावरचे?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : २६ एप्रिल १९९३ रोजी तुमच्या शहरातून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टी संपता संपता उचलले गेले, टोकापलीकडच्या रस्त्यावरून चाललेल्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले आणि पुढे विजेच्या तारांना लागून कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण दगावले आणि ६३ जण वाचले. विमान पडले म्हणजे सगळे संपले, ही समजूत अशा आकड्यांपुढे टिकत नाही. उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या वेळी जमिनीलगत झालेल्या अपघातांत पुष्कळदा माणसे धडकेतून वाचतात, आणि पुढचा प्रश्न आग व धूर पोहोचण्याआधी बाहेर पडण्याचा असतो.

९० सेकंदांचा नियम हा विमानाला मान्यता मिळण्यापूर्वीच्या परीक्षेचा आहे. नव्या प्रकारचे विमान प्रवाशांनी पूर्ण भरतात, अंधार करतात, वाटेत पिशव्या व ब्लँकेटे टाकून ठेवतात, केवळ निम्मीच दारे वापरू देतात आणि कोणती दारे उघडतील हे आधी कोणालाही सांगत नाहीत. तरीही सर्वांनी ९० सेकंदांत बाहेर पडावे लागते. एअरबस ए ३८० या दुमजली विमानाच्या मार्च २००६ मधील हँबुर्ग येथील चाचणीत ८७३ माणसे ७८ सेकंदांत बाहेर आली. तेव्हा हे निव्वळ कागदावरचे नाही. मात्र त्या चाचणीत खरी आग नसते, रडणारी मुले नसतात आणि वरच्या कप्प्यातली बॅग काढण्यासाठी कोणी थांबत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

खऱ्या प्रसंगाचे अलीकडचे उदाहरण टोकियोच्या हानेदा विमानतळाचे आहे. २ जानेवारी २०२४ रोजी उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. छोट्या विमानातील सहापैकी पाच जण मृत्युमुखी पडले. मोठ्या, पेटलेल्या विमानातील ३७९ जण मात्र सर्वच्या सर्व बाहेर पडले. ध्वनिक्षेपक बंद पडल्यामुळे क्रूला मेगाफोन आणि स्वतःचा आवाज यांवर काम भागवावे लागले, आणि आठ दारांपैकी तीनच वापरता आली. विमान थांबल्यापासून शेवटचा माणूस उतरेपर्यंत ९० सेकंदांहून कितीतरी अधिक वेळ लागला, कारण बाहेर आग असलेली दारे उघडायची नाहीत हा निर्णय आधी घ्यावा लागला. माझ्या मते क्रूच्या कामातला सर्वांत अवघड क्षण हाच आहे : मागून माणसे ओरडत असताना दार उघडण्याआधी त्याच्या लहानशा काचेतून बाहेर पाहणे. बाहेर ज्वाळा, पाणी किंवा अडथळा दिसला तर ते दार अडवून उभे राहायचे आणि लोकांना दुसऱ्या दाराकडे वळवायचे. बाहेर मोकळे असेल तर दांडा वर उचलून दार ढकलायचे, एका हाताने चौकटीजवळची मूठ घट्ट धरायची (नाहीतर गर्दीबरोबर क्रूच बाहेर फेकली जाते) आणि घसरगुंडी आपोआप फुगत असली तरी दुसऱ्या हाताने तिची लाल कडी ओढायची. ती फुगायला साधारणतः दहा सेकंदांच्या आत वेळ लागतो.

बॅग घेऊ नका, उंच टाचांचे बूट काढा, या सूचना याच घसरगुंडीसाठी आहेत. कापडाला एक चीर पडली की ते दार त्यामागे उभ्या असलेल्या प्रत्येकासाठी बंद झाले. लॅपटॉप, दागिने, कागदपत्रे यांपैकी जे खरोखर मोलाचे असेल ते उड्डाण आणि उतरणे या वेळी अंगावरच्या खिशात ठेवावे, इतकाच माझा व्यवहारी सल्ला आहे.

प्रश्न : मुलगी दिल्लीला शिकते. तिच्या सामानातून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवायला लावल्या. पॉवर बँक मात्र मोठ्या बॅगेतून काढून हातातल्या पिशवीत ठेवायला सांगितली. जी वस्तू पेट घेते, तीच माणसाजवळ ठेवायची, हा उलटा न्याय कसला?
— एक गृहिणी, जालना

उत्तर : ताई, न्याय उलटा दिसतो, पण आगीच्या जागेचा विचार केला की तो सुलटा होतो. पॉवर बँकमधली लिथियम बॅटरी बिघडली की तिचा एक कोष तापतो, तो शेजारच्याला तापवतो आणि ही साखळी बाहेरून हवा बंद केल्याने थांबत नाही. मोठ्या बॅगा ज्या मालकक्षात जातात, तिथे आग विझवणारा वायू सोडण्याची सोय असते. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीच्या आतली उष्णता कमी करत नाही, आणि उडत्या विमानात तिथे जाऊन पाणी ओतणारा कोणी नसतो. केबिनमध्ये मात्र चार माणसांना लगेच धूर दिसतो. क्रू आधी हॅलॉन या आग विझवणाऱ्या वायूच्या नळकांड्याने ज्वाळा दाबतात आणि नंतर पाणी किंवा मद्य नसलेले कोणतेही पेय ओतत राहून बॅटरी थंड करतात. बर्फ टाकत नाहीत, कारण त्याने उष्णता आतच कोंडली जाते. धूर जास्त असेल तर क्रू डोक्यावरून धूररोधक टोपडे घालतात. ते साधारण १५ मिनिटे शुद्ध हवा पुरवते.

याच संदर्भात एक गोष्ट : मोबाइल आसनाच्या फटीत पडला तर आसन मागे-पुढे करून तो शोधू नका, क्रूला बोलवा. यंत्रणेत चिरडलेला मोबाइल पेटल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

मालकक्षातली आग किती घातक असते हे ११ मे १९९६ रोजी फ्लोरिडात कळले. वर सांगितलेल्या ऑक्सिजनच्या नळकांड्या, पिनेवर सुरक्षेची टोपणे न लावता, व्हॅल्यूजेट कंपनीच्या विमानात माल म्हणून चढवल्या गेल्या होत्या. त्यांनी पेट घेतला आणि विमानातील सर्व ११० जण गेले. खोबऱ्याचे म्हणाल तर ते तेलकट असल्यामुळे दाटीत आपोआप तापू शकणाऱ्या पदार्थांत मोडते. तेव्हा ज्याने वाट्या काढायला लावल्या, त्याचे चुकले नाही. मुलीसाठी घरीच खोबरे भाजून चटणी करून पाठवा, मात्र ती हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत ठेवावी.

प्रश्न : लातूर, नांदेड, हैदराबाद यांच्या वाटेवर समुद्र नाही, मग लाइफ जॅकेट कशाला दाखवतात? आणि कोणी वेड्यासारखे हवेतच दार उघडले तर?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर

उत्तर : तेच विमान संध्याकाळी मुंबईला जाते आणि तिथे उड्डाण व उतरणे पुष्कळदा समुद्रावरून होते. जॅकेट विमानाच्या आत फुगवू नये, ही सूचना मात्र नीट ऐका. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेले इथिओपियन एअरलाइन्सचे विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात पडले; अनेकांनी जॅकेट आतच फुगवले होते आणि पाणी आत शिरताच ते छताकडे उचलले जाऊन अडकले. दाराची काळजी करू नका. उंचीवर आतल्या हवेचा दाब दाराला चौकटीत इतक्या जोराने धरून ठेवतो की माणसाच्या ताकदीने ते उघडणे शक्य नाही.

प्रश्न : ताई, मी बारावीत आहे आणि मला केबिन क्रू व्हायचे आहे. घरचे म्हणतात, ‘एवढे शिकून विमानात चहापाणीच वाटायचे ना?’ प्रशिक्षणात नेमके काय शिकवतात? आणि उंचीची अट का असते?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : घरच्यांना आधी एवढे सांग की चहा दिला नाही तरी विमान उडू शकते, पण ठरलेल्या संख्येचा क्रू नसेल तर ते कायद्याने उडू शकत नाही. आपल्याकडे साधारणतः दर ५० आसनांमागे एक असा हिशेब आहे. १८० आसनांच्या विमानात चौघे असावेच लागतात, एटीआर नावाच्या छोट्या विमानात दोघे. खाद्यपदार्थांची गाडी ढकलणे हे प्रशिक्षणातले सर्वांत सोपे प्रकरण. आग विझवणे, धुराने भरलेल्या खोलीत गुडघ्यांवर बसून वाट शोधणे, तलावात जॅकेट घालून तराफ्यावर चढणे व दुसऱ्याला ओढून घेणे, हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबणे, प्रत्येक प्रकारच्या विमानाचे दार प्रत्यक्ष उघडणे, हे सगळे करावे लागते आणि दरवर्षी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. पोहणे येत नसेल तर आत्तापासून शिक. ऐन वेळी पुष्कळ मुली तिथेच अडतात. उंचीची अट दिसण्यासाठी नाही. अग्निशामक, मेगाफोन, प्रथमोपचार पेटी ही साधने बऱ्याचदा वरच्या कप्प्यांत असतात आणि तिथे हात पोहोचावाच लागतो.

पुढच्या वेळी विमानात बसलीस तर उड्डाणाच्या क्षणी दाराजवळच्या घडीच्या आसनावर बसलेल्या क्रूकडे पाहा. पाठ ताठ, डोके टेकलेले, पाय जमिनीवर, कोणाशी बोलणे नाही. ती मनातल्या मनात उजळणी करत असते : माझे दार कोणते, ते कोणत्या दिशेला उघडते, बाहेर आग दिसली तर मी कोणाला कुठे पाठवीन, या प्रवाशांत मला मदत करू शकेल असा धट्टाकट्टा माणूस कोण. उड्डाणानंतरची पहिली तीन मिनिटे आणि उतरण्यापूर्वीची शेवटची आठ, ही अकरा मिनिटे सर्वांत धोक्याची मानतात आणि या काळात क्रूने दुसरे कोणतेही काम करायचे नसते. खिडक्यांचे पडदे वर करायला लावतात तेही याच काळात, बाहेर काय चालले आहे हे दिसावे म्हणून.

५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत अपहरण झालेल्या पॅन अॅमच्या विमानात प्रवाशांना बाहेर काढताना प्राण गमावलेल्या आणि मरणोत्तर अशोकचक्राने गौरवलेल्या नीरजा भनोत केबिन क्रूमध्येच होत्या. हे नाव घरी आईवडिलांना नक्की ठाऊक असेल.

प्रश्न : सासूबाईंच्या गुडघ्यांना त्रास आहे. आपत्कालीन दाराजवळ पाय पसरायला जागा असते म्हणून ती आसने मागितली, तर जास्तीचे पैसे देऊनही नाकारली. हे योग्य आहे का?
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : योग्य आहे. पंखाजवळच्या दारापाशी बसणाऱ्याला संकटात ते दार स्वतः उघडावे लागते. अनेक विमानांत त्याची झडप सुटून हातात येते, तिचे वजन साधारण १५ किलो असते आणि ती बाहेर फेकावी लागते. म्हणून तिथे धडधाकट प्रौढ माणूसच बसवतात आणि उड्डाणापूर्वी त्याला वेगळे समजावून सांगतात. सासूबाईंसाठी तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची नोंद करा आणि पुढच्या ओळींत मधल्या वाटेलगतचे आसन मागा. बहुतेक कंपन्या चाकाच्या खुर्चीसाठी वेगळे पैसे घेत नाहीत.