नाशिकजवळ जंगलात दडलेलं ज्वालामुखीचं विवर आहे का? एका दिवसात पाहून होईल का?

तुमचा प्रश्न असा: दहा वर्षांच्या मुलाला शाळेत ज्वालामुखी शिकवलाय, त्याला खरंखुरं विवर बघायचंय, शनिवारी पुण्याहून नाशकात येताय, रविवारी ट्रेक करून रात्री परत जायचंय. आणि त्र्यंबकचा डोंगर म्हणजे विवरच आहे, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय.

स्पष्टच सांगतो, नाशिक जिल्ह्यात ज्वालामुखीचं विवर नाही. पण सांगणाऱ्याला हसतही नाही. त्र्यंबक गावात उभं राहून ब्रह्मगिरीकडे पाहिलं की कडे असे अर्धगोल वळून येतात, की आपण एखाद्या भल्यामोठ्या परातीच्या तळाशी उभे आहोत असंच वाटतं. ही परात मात्र पावसाने आणि ओढ्यांनी कोरलेली आहे. आपल्याकडचा लाव्हा चित्रातल्यासारखा शंकूच्या टोकातून उसळला नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो धिरड्याच्या पिठासारखा पसरत गेला. एक थर निवला की त्यावर दुसरा. झिजून झिजून आज जो उरलाय तोच 5 लाख चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे तुमचा मुलगा खड्डा शोधतोय आणि त्यातून निघालेला माल त्याच्या पायाखाली आहे.

खड्डा आणि जंगल दोन्ही एकत्र पाहिजेच असेल तर लोणार. पण ते उल्केच्या आघाताने झालेलं. एकोणिसाव्या शतकात बरेच जण त्यालाही ज्वालामुखीचंच समजत. या काठापासून त्या काठापर्यंत पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद, आतल्या उतारावर झाडी, तळाशी खारं पाणी. नाशकाहून तीनशेच्या वर किलोमीटर आहे, त्यामुळे रविवारी उठून जाऊन येऊ म्हणाल तर पोरगं गाडीतच झोपेल. त्याला मुक्कामानेच जा.

तुमच्या रविवारसाठी मी अंजनेरीचा डोंगर सांगेन. ब्रह्मगिरीला पायऱ्या चांगल्या आहेत, पण सुट्टीच्या दिवशी त्र्यंबकची गर्दी आणि गाडी लावायची मारामार. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी तर ब्रह्मगिरीच्या फेरीला रात्रीपासून रस्ते भरतात. हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्या दहा वर्षांच्या पोराला घेऊन, तेही रविवारी, नकोच.

अंजनेरी नाशकाहून वीसेक किलोमीटर, त्र्यंबक रस्त्यावरच. त्र्यंबकची एसटी घेतलीत तर अंजनेरी फाट्यावर उतरा. तिथून गाव आणि पुढे पायऱ्यांपर्यंतचा रस्ता चालावा लागतो. स्वतःची गाडी असेल तर ही पायपीट वाचते. सहाला नाशिक सोडा. मिसळ उतरल्यावर खा, चढायच्या आधी नको. हे अनुभवाने सांगतोय.

बसच्या खिडकीतूनच अभ्यास सुरू करा. डोंगराला आडवे पट्टे दिसतील: काळा उभा कडा, मग हिरवा उतार, पुन्हा कडा. कडा म्हणजे साधारणपणे लाव्ह्याचा टणक भाग आणि उतार म्हणजे मऊ, लवकर झिजणारा. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात तेही यामुळेच, पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून. पोराला पट्टे मोजायला लावा. माझ्या भाचीने नऊ मोजले होते, मी सात, आणि फाटा येईपर्यंत आमचं भांडण मिटलं नव्हतं.

पायथ्याची झाडी संपली की वाट दोन कड्यांमधल्या घळीत शिरते. कातळात कोरलेल्या पायऱ्या, दोन्हीकडे भिंती, भर दुपारीही गारवा. वाटेत जैन लेणं लागतं. इथे दहा मिनिटं थांबाच. भिंतीचा दगड जवळून बघा, हात फिरवा. बारीक बारीक भोकं सापडतील, काहींत पांढरा खडा अडकलेला. लाव्हा निवताना आतला वायू बाहेर पडू शकला नाही, त्याचे ते बुडबुडे. पुढे पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांत स्फटिक धरले. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा हे बोटाला लागतं. फक्त उकरून न्यायचं नाही, वनखात्याचं राखीव क्षेत्र आहे.

घळ संपली की एकदम मोकळं पठार. अंजनीमातेचं मंदिर, पुढे तळं. हनुमानाचा पाय पडला म्हणून तळ्याचा आकार पावलासारखा, असं इथे मानतात. पोराला ही गोष्टही सांगा, भूगोलाशी तिचं काही भांडण नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात आलात तर गवतात नजर ठेवा. ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ नावाचं कंदीलपुष्प इथलंच. 2006 साली नवी जात म्हणून त्याची नोंद झाली, आणि नावातच डोंगर आहे. कड्यांवर गिधाडांची घरटी असतात. अंजनेरी ते ब्रह्मगिरी रोपवेचा घाट घातला गेला तेव्हा नाशकातल्या निसर्गप्रेमींनी विरोध केला तो मुख्यतः या गिधाडांसाठी. तेव्हा स्पीकर वगैरे खाली गाडीतच.

तळ्यापुढे आणखी एक चढ आहे, वाटेत सीतागुंफा, माथ्यावर हनुमानाच्या जन्मस्थानाचं मंदिर. पोरगं दमलं असेल तर तळ्यावरूनच परता, काही बिघडत नाही. माथ्यापर्यंत जाऊन यायला रमतगमत पाच तास धरा.

पाणी माणशी दोन-तीन लिटर. रविवारी लिंबूसरबतवाले असतात, पण त्यांच्या भरवशावर निघू नका. खाऊची पिशवी हातात धरू नका, सॅकच्या आत ठेवा. मंदिराजवळ एका माकडाने माझ्या हातातली गूळ-शेंगदाण्यांची पिशवी अशी सहज काढून घेतली, जणू मीच त्याच्यासाठी आणली होती.

जुलैत येणार असाल तर पुन्हा विचार करा. घळीतल्या पायऱ्यांवरूनच पाणी वाहतं, शेवाळ धरतं, वरून दगडही येतो. मुसळधार सुरू झाली की उतरणं अडतं. लहान मुलासोबत ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मेमध्ये ऊन भाजून काढतं, पण करवंदं मिळतात.

आणि परत जायचंय पुण्याला, म्हणजे सिन्नर वाटेतच. दुपारी दोनपर्यंत उतरलात तर तिथलं गारगोटी संग्रहालय गाठा, फक्त वेळ आधी फोन करून विचारा. घळीत जो खडा नखाएवढा दिसला, त्याचेच भाऊबंद इथे हातभर मोठे काचेत ठेवलेत, हिरवे, गुलाबी, पांढरे. अंजनेरीच्या आधी हे दाखवू नका, नाहीतर पोराला डोंगरावरचा खडा खडाच वाटेल.