पित्तावर गेरू: आजीचा उपाय किती जुना?

प्रश्न: अंगावर पित्त उठलं की आमची आजी गेरू पाण्यात कालवून लावायची. परवा मुलगा म्हणाला, आदिमानवपण गेरू औषध म्हणून वापरायचा. हे खरंय का? आणि आता लावला तर चालेल का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर: ताई, मुलगा उगीच बोलत नाहीये, पण जरा जपून बोलायला हवं, कारण गेरूचा डाग दगडावर लाखभर वर्षं टिकतो, तो कुणाच्या अंगाला कशासाठी लावला ते टिकत नाही.

दक्षिण आफ्रिकेत ब्लॉम्बोस नावाची गुहा आहे, तिथं साधारण 1 लाख वर्षांपूर्वीचे दोन मोठे शिंपले सापडले आणि त्यात गेरूची पूड, हाडातली चरबी, कोळसा असं सगळं कालवून ठेवलेलं, शेजारी वाटायचे दगडपण होते. डिंक किंवा चीक त्यात सापडला नाही, म्हणून ते चिकटवायचं नसून अंगाला लावायचं किंवा रंगवायचं असावं असं संशोधक म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्याच सिबुडू नावाच्या दुसऱ्या गुहेत एका दगडी पात्यावर 49 हजार वर्षांपूर्वीचा दुधात कालवलेला गेरू मिळाला. गुरं पाळायच्या कितीतरी आधीचं हे, म्हणजे दूध शिकारीतल्या दुभत्या जनावराचंच असणार!

सगळ्यात भक्कम पुरावा गेरू उन्हापासून वाचवतो याचा आहे. आफ्रिकेतल्याच नामिबिया देशातल्या हिंबा जमातीच्या बायका आजही लोण्यात गेरू कालवून अंगभर लावतात, आणि 2015 च्या एका अभ्यासात दिसलं की गेरू खरंच अतिनील किरण अडवतो, त्यातही लोह जास्त आणि पूड बारीक असेल तर जास्त. आपल्या तालमीतल्या हौदात तांबड्या मातीत ताक, तेल, हळद घालतात ना, त्या मातीचा तांबडेपणापण लोहाच्या ऑक्साइडचाच. मला तर अंगाला तांबडी माती लावायची ही आवड माणसाची फार जुनी वाटते.

आता तुमचं. आयुर्वेदात गैरिक, म्हणजे गेरूच, आहे, पण ते शुद्ध करून वापरतात. कुंड्या आणि तुळशीवृंदावन रंगवायला आणलेला गेरू अंगाला लावू नका, त्यात काय काय मिसळलंय कुणास ठाऊक. लाल दिसतो म्हणून शेंदूर तर अजिबात नको, त्यात शिसं किंवा पारा असतो. आणि पित्त उठल्यावर ओठ-जीभ सुजली, दम लागला तर गेरू शोधत बसू नका, तडक दवाखाना गाठा.