पाइक कोकणात नाही, मग लूरवर (गळाच्या नकली माशावर) त्याच्यासारखा कुठला मासा लागेल?

जिताडा. पाइक थंड देशांतल्या गोड्या पाण्यातला, पण आडोशाला दबा धरून झडप घालायची सवय दोघांची एकच. म्हणून पाइक पकडण्याच्या व्हिडिओंत दिसते ती मूळ युक्ती इथेही चालते: उघड्या पाण्यात लूर फिरवत बसू नका, आडोशाला लागून टाका.

अलिबाग-पेण पट्ट्यात असाल तर खारबंदिस्तीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीवर, म्हणजे पाणी सोडायच्या दारावर जा. ओहोटी लागली की आतलं पाणी धारेने बाहेर पडतं, सोबत कोळंबी आणि बारीक बोईटं येतात. जिताडा मुख्य धारेत नसतो. तो कडेच्या संथ पाण्यात, धारेकडे तोंड करून थांबतो. लूर धारेत टाका आणि वाहत त्या कडेपर्यंत येऊ द्या. एक-दोन हलके झटके, मग चक्क थांबा. घाव बहुतेक वेळा थांबलेल्या लूरवरच पडतो, आणि नवशिके नेमके तिथेच घाईने रीळ गुंडाळतात.

पाइकच्या दातांमुळे तारेचा लीडर (दोरी आणि लूरमधला मजबूत तुकडा) लागतो. जिताड्याला तसे दात नाहीत, पण कल्ल्याच्या झाकणाची कड बारीक दोरी सहज कापते, म्हणून जाड नायलॉनचा लीडर हवाच. उडी मारू लागला की रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा, दोरी ताणलेलीच ठेवा.

मोठा लागला तर कृपा करून सोडा. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणजे मोठे मासे बहुतेक अंडी घालणाऱ्या माद्याच. सोडताना कल्ल्यात बोटं घालू नका, पोटाखाली ओला हात धरा.