लाइट गेल्यावर चेंबरचा दरवाजा कोण धरतो?

प्रश्न : वाडीत आमचं ट्रकचे टायर रिमोल्ड करायचं युनिट आहे. चेंबरचा दरवाजा दीड मीटर व्यासाचा, हायड्रॉलिक सिलिंडरने लॉक होतो. क्युरिंग (चेंबरमध्ये हवेच्या दाबाखाली टायर तापवून रबर पक्कं करणं) चालू असताना लाइट गेली की पॉवरपॅकचा, म्हणजे सिलिंडरला तेलाचा दाब देणाऱ्या पंपाचा, काटा शून्यावर येतो. दरवाजा मधेच सुटेल का? दुसरं, उघडताना फार खोळंबा होतो म्हणून ऑपरेटरने प्रेशर स्विच (आत दाब असेपर्यंत दरवाजा उघडू न देणारा) बायपास केलाय. चालेल ना?
– एक वाचक, वाडी

उत्तर : भाऊ, पहिला प्रश्न वाचून मी निवांत होतो, दुसऱ्याने झोप उडवली.

सहा बारची हवा तुमच्या दरवाजाला जवळपास 108 टनांनी बाहेर ढकलते. हा भार तेल पेलत नाही. सिलिंडर दरवाजाभोवतीची दातेरी लॉक रिंग फिरवतो, तेवढंच. रिंगचे दाते दरवाजाच्या दात्यांवर पूर्ण चढले की सगळा जोर लोखंडावर. रिंग आपोआप मागे फिरू नये म्हणून लॉक पिन मात्र हवीच. रिंगऐवजी क्लॅम्प असतील तर तेल क्लॅम्प आवळतं की सोडतं, ते बघा. चांगल्या बनावटीत डिस्क स्प्रिंगची (वाटीसारख्या पोलादी चकत्यांची) चळत आवळून धरते आणि तेल फक्त सोडायला लागतं. तुमच्याकडे उलटं असेल आणि यांत्रिक लॉकही नसेल, तर चेंबर आजच बंद करा.

आता बायपास. खोळंबा होतो म्हणजे आत हवा उरलेली असते, स्विच खरंच सांगतोय! मोठ्या गेजवर 0.1 बार दिसतही नाही, काटा शून्याला टेकलेलाच वाटतो. पण तेवढी हवा त्या दरवाजावर 1,800 किलोंचा जोर लावते. रिंग सुटली की दरवाजा समोरच्या माणसाला घेऊनच उघडेल.

एक्झॉस्टचा, म्हणजे हवा बाहेर सोडायच्या वाटेवरचा, सायलेन्सर काढून बघा. हिंगणा एमआयडीसीत मेंटेनन्स बघायचो तेव्हा त्यातून बफिंगचा (टायर घासताना पडणारा) तेलकट, काळा चुरा मुठीमुठीने निघायचा. दरवाजाजवळचा हाताने उघडायचा व्हेंट कॉकही त्यानेच बुजतो. चेंबर थंड आणि रिकामा असताना तो खोलून तार घाला. हा कॉक उघडल्याशिवाय रिंग फिरूच नये, अशी जोडणी बनवणाऱ्याकडून करून घ्या. नुसता फुस्स आवाज थांबला म्हणून भागत नाही, बुजलेला कॉकही गप्पच असतो.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तेल पातळ होऊन रिंग अर्धवट फिरते, तेव्हा दाते पूर्ण चढले की नाही हे लिमिट स्विचने (रिंग शेवटपर्यंत पोचली की दाबला जाणारा स्विच) कळलंच पाहिजे. तोही बायपास नाही ना, ते स्वतः वायर धरून तपासा, ऑपरेटरला विचारून नव्हे.